डिप्रेशन असलेल्यांच्या घरच्यांसाठीचा आठ सेशनचा ऑनलाइन कोर्स: घ्यावा का? माझा अनुभव

कोर्स संपून महिना झाला, तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतेय. डिप्रेशन असलेल्या माणसाच्या घरच्यांसाठी असलेला हा ऑनलाइन कोर्स, आठवड्याला एक अशी आठ सेशन, प्रत्येक दीड तासाचं, बॅचमध्ये बारा-तेरा घरं. पेशंटने यायचं नाही, फक्त घरच्यांनी यायचं. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली बऱ्याच तक्रारी आहेत आणि एका बॅचवरून कुणाला नावं ठेवणं मला बरोबर वाटत नाही, शिवाय असे कोर्स बऱ्याच ठिकाणी वेगवेगळ्या नावांनी चालतात, तेव्हा यातलं काय कामाला आलं आणि काय नाही एवढं कळलं तरी तुम्हाला दुसरा कुठलाही निवडताना उपयोग होईल.

मी का घेतला ते आधी सांगते. माझ्या धाकट्या भावाला डिप्रेशन आहे, वय २४. निदान होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते, गोळ्या चालू, काउन्सेलिंग चालू, म्हणजे त्याच्या बाजूने जे करायचं ते तो करत होता. आम्ही काय करायचं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांकडे गेलो की ते त्याच्याशी बोलायचे आणि निघताना दारात आम्हाला एक वाक्य, "सपोर्ट करा". सपोर्ट करा म्हणजे नक्की काय करा? आई त्याला दिवसातून दहा वेळा विचारायची बरं वाटतंय का आता, मी त्याला पहाटे उठून पळायला जाणाऱ्या लोकांचे व्हिडिओ पाठवायचे, आणि बाबा काही चुकीचं बोललं जाईल या भीतीने बोलायचेच नाहीत. एकदा तर मी त्याला म्हणाले होते, "तुला कमी काय आहे रे?" हे वाक्य इथे लिहितेय कारण बॅचमधल्या जवळजवळ प्रत्येक घरात ते कधी ना कधी बोललं गेलं होतं आणि बोलणाऱ्या कुणाच्याही मनात वाईट काही नव्हतं.

पहिलं सेशन अगदी साधं होतं आणि मला त्याचीच गरज होती. डिप्रेशन म्हणजे खूप उदास वाटणं एवढंच मी धरून चालले होते. तिथे लक्षणं एकेक करून उलगडून सांगितली: मन सतत खिन्न असणं, कशातच रस न उरणं, भूक किंवा वजन बदलणं, झोप न लागणं नाहीतर झोपूनच राहणं, हालचाल मंदावणं किंवा उलट जिवाला चैन नसल्यासारख्या येरझाऱ्या, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटणं, आपण कुचकामी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं आणि साधे साधे निर्णयही न होणं, मरणाचे विचार. यातली निदान पाच, दोन आठवडे जवळजवळ रोज, त्यात पहिल्या दोनपैकी एक असलंच पाहिजे आणि रोजचं जगणं त्याने अडलेलं असलं पाहिजे, असा डॉक्टरांचा निकष. मी अडकले ती निर्णयाच्या मुद्द्यावर. भाऊ कपाटासमोर दोन शर्ट हातात घेऊन उभा राहायचा, पाच पाच मिनिटं, आणि मग दोन्ही परत ठेवून पलंगावर जाऊन पडायचा. मी त्याला टाळाटाळ समजत होते, बाहेर जायचं नाही म्हणून नाटक करतोय असं एकदा आईला बोललेही होते. ते लक्षण होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात २८ कोटींहून जास्त लोकांना डिप्रेशन आहे. हा आकडा मी आधीही कुठेतरी वाचला असेन, पण त्या सेशनला बसल्यावर पहिल्यांदा जाणवलं की तेवढ्यांच्या घरी माझ्यासारखं कुणीतरी असणार, दाराबाहेर उभं राहून आत जावं की नको असा विचार करणारं.

दुसऱ्या सेशनचा गृहपाठ म्हणजे पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली. २००१ साली तिच्यावरचा मुख्य अभ्यास छापून आला, आज जगभर वापरतात, फुकट मिळते. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून जरा जास्त आणि २० पासून तीव्र असं धरतात. शिकवणाऱ्या मॅडमनी दोनदा बजावलं की यावरून घरी बसून निदान करायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. गृहपाठ असा होता की एक कागद तुम्ही भरा, तुम्हाला तो माणूस बाहेरून दिसतो तसा, आणि त्याची तयारी असेल तर एक त्याला भरू द्या, मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवा.

माझ्या कागदाची बेरीज १२ आली. त्याची १८. फरक कुठे पडला ते मी बोट ठेवत ठेवत बघितलं. थकव्याला मी १ दिला होता, त्याने ३. स्वतःबद्दल वाईट वाटण्याला मी १, त्याने ३. लक्ष लागण्यात एकाचा फरक. आणि नववा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, तिथे मी अगदी खात्रीने ० लिहिलं होतं आणि त्याने १. पेन्सिलीने लिहिलेला होता तो १. आधी ० लिहून खोडला होता, खोडरबराची खूण कागदावर स्पष्ट दिसत होती.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार इथेच. आत्महत्येच्या विचारांबद्दलचं सेशन या कोर्समध्ये सहाव्या आठवड्यात आहे. अहो, नववा प्रश्न दुसऱ्या आठवड्यात आमच्या हातात देता आणि त्यावर काही निघालं तर काय करायचं हे महिनाभराने सांगता? ते पहिल्याच दिवशी सांगायला हवं, लक्षणांच्याही आधी सांगितलं तरी चालेल. मी हे फीडबॅकमध्ये लिहिलंय, पुढच्या बॅचपासून बदलू असं उत्तर आलंय, बदलतील अशी आशा आहे. तुम्ही असा कुठलाही कोर्स घेणार असाल तर नाव नोंदवायच्या आधी हा एक प्रश्न विचाराच.

एक मात्र मान्य करायला हवं, त्या रात्री अकराला मी मॅडमना मेसेज केला आणि दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. त्यांनी जे सांगितलं ते मी आता ज्याला त्याला सांगते: सरळ विचार. आडून आडून नको, "तसलं काही नाही ना डोक्यात" असं तर अजिबात नको, कारण त्या प्रश्नात "नाही म्हण" हे उत्तर आधीच भरलेलं असतं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती मला होती, बहुतेकांना असते, पण यावर झालेल्या अभ्यासांचा २०१४ मध्ये आढावा घेतला गेला आणि विचारण्याने असे विचार वाढतात असं त्यात दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीत गेले, खाली फरशीवर बसले, म्हटलं, "तू नवव्या प्रश्नाला एक लिहिलंस. मरून जावंसं वाटतं का तुला?" तो बराच वेळ भिंतीकडे बघत होता. मग म्हणाला, "काही करायचं असं नाही गं ताई. पण झोपलो आणि उठलोच नाही तर बरं, असं वाटतं कधीकधी." काही ठरवलंयस का म्हणून विचारलं, तर नाही म्हणाला. आणि लगेच, "आईला सांगू नकोस." मी तोंड उघडणारच होते नाही सांगत म्हणून, पण मॅडमनी तेही बजावलं होतं की या एका बाबतीत गुपित ठेवायचा शब्द द्यायचा नाही. म्हटलं, "डॉक्टरांना सांगू या, आपण दोघं मिळून. आईला काय सांगायचं आणि कुणी सांगायचं ते तू ठरव." तो हो म्हणाला. त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी त्याच्याशी नीट बोलून भेटींमधलं अंतर कमी केलं.

सहाव्या आठवड्यातलं ते सेशन उशिरा असलं तरी चांगलं होतं हे सांगायलाच हवं. तिथे स्टॅन्ली आणि ब्राउन या दोघांनी तयार केलेली सुरक्षा योजना शिकवली, म्हणजे माणूस बरा असताना त्यानेच स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवायचं एक पान: माझं बिघडायला लागलं की आधी काय काय होतं, तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कुणाच्या सोबत किंवा कुठे गेलं की मन थोडं दुसरीकडे जातं, मदत कुणाकडे मागू शकतो, कुठल्या डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि घरातल्या धोक्याच्या गोष्टी हाताशी राहू नयेत म्हणून काय करायचं. भावाने ते स्वतः लिहिलं, एक फोटो त्याच्या मोबाइलमध्ये आहे आणि एक माझ्या. गोळ्यांचा साठा आता माझ्याकडे कुलपात असतो, आठवड्यापुरत्या त्याच्याकडे, हे त्यालाच विचारून ठरवलं. आणि कुणी ठरवून बसलंय, कसं आणि कधी हेही डोक्यात आहे, असं कळलं तर त्याला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही आणि सरळ इमर्जन्सीची मदत बोलवायची, तिथे रुसवा-राग बघायचा नाही.

चौथं सेशन. माझ्या मते या एकासाठी सुद्धा कोर्स घ्यावा.

१९८९ मध्ये जिल हूली आणि जॉन टीसडेल यांनी एक अभ्यास केला होता. डिप्रेशनच्या विवाहित पेशंटना एकच प्रश्न: तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो, १ ते १० मध्ये सांगा. मग नऊ महिने लक्ष ठेवलं. ज्यांनी मोठा आकडा सांगितला त्यांचा आजार परत उलटण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि घरातलं वातावरण मोजायच्या बाकी लांबलचक पद्धतींपेक्षा हा एक प्रश्न जास्त सांगून गेला. अभ्यास छोटा होता आणि जोडप्यांवरचा होता हे मॅडमनी लपवलं नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी फार ठामपणे सांगितली की घरच्यांच्या बोलण्यामुळे डिप्रेशन झालं असा याचा अर्थ अजिबात काढू नका, आजाराची कारणं अनेक असतात, आनुवंशिकता, आयुष्यात बसलेले धक्के, शरीराचे दुसरे आजार, थायरॉइडचं दुखणं सुद्धा असंच दिसू शकतं म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. पण कारण कुठलंही असो, बरं व्हायचं त्याला याच घरात आहे. बॅचमधल्या एक मावशी इथे रडायला लागल्या, मुलगी आजारी पडल्यापासून त्या स्वतःला दोष देत होत्या, त्यांना सावरायला मॅडमनी सेशन थांबवलं आणि पुरेसा वेळ दिला, ते मला आवडलं.

गृहपाठ काय असणार ते कळलंच असेल. घरी जाऊन विचारा. मी माझा आकडा मनात ३ धरला होता. त्या व्हिडिओंच्या भानगडीनंतर मी बरीच सुधारले होते, ओरडत तर मी कधीच नव्हते.

"आठ," तो म्हणाला.

"आठ?"

"विचारलंस म्हणून सांगितलं. आईचा सहा. बाबांचा दोन, पण ते बोलतच नाहीत."

मला आधी राग आला, खरं सांगते. नोकरी सांभाळून त्याच्या अपॉइंटमेंट मी सांभाळत होते, रात्री उठून बघत होते तो झोपलाय का, आणि मला आठ. पण सेशनमध्ये सांगितलं होतं की आकडा ऐकल्यावर वाद घालायचा नाही, स्वतःची बाजू मांडायची नाही, फक्त विचारायचं की कशावरून तसं वाटतं. विचारलं. तो म्हणाला, "तू दार उघडतेस ना, तेव्हा आधी पडदा ओढतेस. मग सगळ्या खोलीभर नजर फिरवतेस. माझ्याकडे शेवटी बघतेस."

मी यात एक शब्दही बोललेली नव्हते. टीका म्हणजे बोलणं असंच मी समजत होते. पण ते अगदी खरं होतं, मी रोज तसंच करत होते, आधी उजेड, मग पसारा, खुर्चीवरचे कपडे, जमिनीवरची चार्जरची वायर, आणि मग तो. तेव्हापासून मी दार वाजवून जाते, पडद्याला हात लावत नाही आणि आत गेल्यावर आधी त्याच्याकडे बघते. सुरुवातीला हे मुद्दाम लक्षात ठेवून करावं लागायचं, पसारा डोळ्यांना टोचायचा, पण जमतं हळूहळू.

याच सेशनमध्ये दोघादोघांना वेगळं करून सराव घेतात, एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने त्याच्या घरचं. माझ्या जोडीला एक काका होते, सारखं म्हणायचे मी बोलतो ते तिच्या भल्यासाठीच बोलतो. त्यांना त्यांच्या मुलीची भूमिका करायची होती आणि मला त्यांचीच नेहमीची वाक्यं वाचून दाखवायची होती, त्यांनीच लिहून दिलेली. तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला, बास म्हणाले. पुढचा सराव त्यांनी फार मनापासून केला. "का"ने सुरू होणारे प्रश्न कसे टाळायचे ते त्यात होतं, का उठला नाहीस, का बोलत नाहीस, या "का"ला त्याच्याकडेही उत्तर नसतं आणि उत्तर नसल्याचं ओझं आणखी वाढतं. त्याऐवजी "मी इथे थोडा वेळ बसू?" किंवा "आज कुठली वेळ सगळ्यात जड गेली?" किंवा काहीच न विचारता नुसतं जवळ बसणं. आमच्या बाबांना हे मी सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बसायला मला जमेल." आता ते संध्याकाळी त्याच्या खोलीत पेपर घेऊन बसतात, तासभर, दोघं बोलत नाहीत, आणि भाऊ त्यांना जा म्हणत नाही.

पाचवं सेशन हातपाय हलवण्याचं. मूड आला की करेन असं आपण म्हणतो, डिप्रेशनमध्ये मूड येतच नाही, म्हणून उलटं करायचं, आधी काहीतरी अगदी छोटं करायचं आणि मूड मागून आला तर येऊ द्यायचा. याला बिहेवियरल अॅक्टिवेशन म्हणतात, २०१६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ४४० पेशंटवरचा अभ्यास आला होता, त्यात कमी ट्रेनिंग असलेल्या लोकांनी दिलेली ही पद्धत तज्ज्ञ थेरपिस्टनी दिलेल्या सीबीटीपेक्षा (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) कमी पडली नाही. घरच्यांनी थेरपिस्ट व्हायचं नाही हे त्यांनी सांगितलंच, आपलं काम फक्त पायरी लहान करायला मदत करणं.

आमच्याकडे मुद्दा अंघोळीवर अडला होता. "अंघोळ कर, बरं वाटेल" हे मी रोज म्हणायचे. त्यात किती कामं असतात ते कधी मोजलंच नव्हतं: उठणं, कपडे शोधणं म्हणजे परत तो शर्टाचा निर्णय, पाणी, अंग पुसणं, आरशासमोर उभं राहणं. त्याला विचारलं यातलं आज कुठलं जमेल, तर म्हणाला यातलं काहीच नाही, ब्रश करून बघतो. सकाळी बाथरूममध्ये गेले की त्याचा ब्रश कोरडा असायचा, आठवडे झाले होते, मला सवय झाली होती ते बघायची. तिसऱ्या दिवशी तो ओला होता. मी बाहेर आले आणि काही बोलले नाही, कारण त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "शाब्बास वगैरे म्हणू नकोस, लहान आहे का मी." अंघोळ पुढच्या आठवड्यात झाली, मग दोन दिवस नाही, मग परत झाली. असंच चाललंय अजून, वर-खाली.

याच सेशनमध्ये एक तक्ता देतात, काम झालं की स्टार चिकटवायचा. मोठ्या माणसाला हे देऊ नका हो. भावाने बघितला आणि उलटा करून ठेवला, बरोबरच केलं त्याने.

औषधांच्या सेशनला मी सगळ्यात कमी मार्क देते. एक स्लाइड होती, मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडतं, गोळी ते भरून काढते, बाटली भरतानाचं चित्र वगैरे. इतकं सोपं करून सांगितलं की उलटं नुकसान होतं. भाऊ वाचणारा आहे, २०२२ मध्ये एक मोठा आढावा आला होता, सेरोटोनिन कमी असल्यामुळे डिप्रेशन होतं याला पक्का पुरावा सापडत नाही असं सांगणारा, तो त्याने वाचला होता आणि मला विचारलं होतं, "मग ही गोळी खोटी का?" गोळी कामाची आहे का हा प्रश्न वेगळा आणि ती नेमकी कशी काम करते हा वेगळा. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये २१ औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या आणि सगळीच औषधं औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस निघाली होती, फरक प्रचंड मोठा नव्हता आणि प्रत्येकाला प्रत्येक गोळी लागू पडते असंही नाही, पण होता. हे मला त्याच्या डॉक्टरांनी समजावलं. कोर्समध्ये सांगितलं असतं तर मधले दहा दिवस तो गोळी बंद करायच्या गोष्टी करत होता ते टळलं असतं.

जे सांगितलं त्यातलं उपयोगाचं एवढं की परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात आणि कधी त्याहून जास्त, पण मळमळ, झोपेचा घोळ असले साइड इफेक्ट पहिल्या आठवड्यातच येतात, त्यामुळे सुरुवातीला गोळीने बिघडलंच असं वाटतं आणि लोक सोडून देतात. आपल्या मनाने अचानक बंद करायची नाही, चक्कर, बेचैनी होते, डॉक्टर हळूहळू कमी करतात. आणि बरं वाटायला लागल्यावर सुद्धा निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात. पण २५ पेक्षा लहान वयात सुरुवातीच्या काळात आणि डोस बदलताना आत्महत्येचे विचार वाढू शकतात म्हणून जास्त लक्ष ठेवायचं असतं, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००४ पासून तसा ठळक इशारा छापायला लावलाय आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंत वाढवला, हे सेशनमध्ये कुणी बोललंच नाही, मी विचारल्यावर सांगितलं. बॅचमध्ये निम्म्या लोकांची मुलं त्याच वयाची होती.

बाकी किरकोळ. रेकॉर्डिंग देत नाहीत, लोक घरातलं बोलतात म्हणून, ते पटतं, पण मग निदान नोट्स तरी नीट द्याव्यात. ग्रुपवर फॉरवर्ड फार येतात, सकारात्मक राहा छापाचे, अॅडमिनने लक्ष द्यायला हवं. सातवं सेशन घरच्यांच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल होतं आणि अर्धा वेळ आवाज येत नाहीये यातच गेला, याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण तोपर्यंत मी मैत्रिणींना भेटणं बंद करून चार महिने झाले होते आणि ते मला कुणी विचारलं तेव्हाच लक्षात आलं. नंतर आठवड्यातली एक संध्याकाळ माझी असं ठरलं, त्या दिवशी आई असते घरी.

शिकवणाऱ्या दोघी होत्या, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि दुसऱ्या डिग्री वगैरे काही नसलेल्या, स्वतःच्या नवऱ्याचं डिप्रेशन बारा वर्षं बघितलेल्या. मला या दुसऱ्यांकडून जास्त मिळालं. झिम्बाब्वेमध्ये डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या फ्रेंडशिप बेंचबद्दल त्यांनीच सांगितलं, दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर ट्रेनिंग घेतलेल्या आज्या बसतात आणि येणाऱ्याचं ऐकून घेतात, एका वेळी एकच अडचण सोडवायला घेतात. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी छापून आली, नेहमीच्या उपचारांपेक्षा त्या बाकावर बसून गेलेल्यांची लक्षणं बरीच कमी झाली होती. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ "फार विचार करणं". भावाला सांगितलं तर म्हणाला, हा शब्द चांगला आहे, डिप्रेशनपेक्षा.

पाचपैकी चार देईन. सुरक्षेचं सेशन पहिल्या आठवड्यात आणलं आणि औषधांचं नीट केलं तर पूर्ण पाच. ज्यांच्या माणसाचे उपचार चालू आहेत आणि आपण घरी काय करावं हे कळत नाहीये त्यांनी जरूर घ्यावा. अजून डॉक्टरांकडेच गेला नसाल तर आधी तिथे जा, कोर्स नंतर. आणि एकट्याने घेऊ नका, घरातले निदान दोघं तरी बसा, माझी ही चूक झाली, मी शिकून येऊन आईला सांगायचे आणि आईला ते माझं ऐकवणंच वाटायचं.

म्हणून पुढच्या बॅचला आईचं नाव घातलंय. तिचं चौथं सेशन परवा झालं. रात्री मी माझ्या खोलीत होते, तिने त्याचं दार वाजवलेलं ऐकू आलं, मग तिचा आवाज, "तुला एक विचारायचंय, एक ते दहामध्ये सांगायचं असतं." तो म्हणाला, "माहितीये मला. आधी बस तर." आणि दार लागलं.